बोहनीचं घर

परवा दसरा. अमरावतीच्या राजापेठेत सकाळपासून झेंडूचे ढीग लागलेत. क्लासला निघालेली पोरं आपल्या स्कूट्या त्या ढिगांच्या कडेकडेने काढतात, तरी एखाद्याचं चाक फुलांवरून जातंच आणि मग तो वास उठतो. झेंडूचा वास गोड नसतो. हिरवट, कडसर, थोडा औषधासारखा. देठ चुरगळला की बोटांना लागून राहतो, साबणाने धुतला तरी जात नाही. मी त्या वासात वाढले हे सांगायला मला कधी लाज वाटली नाही. कॉलेजात पहिल्या वर्षी एक मुलगी म्हणाली होती, तुझ्या वह्यांना मेथीचा वास येतो. मी म्हटलं, येणारच. वह्या मेथीतूनच आल्यात.

शाळेतून परतताना फुलं घ्यायला थांबले. पैसे काढायला पर्स उघडली तर हातात आधी फोन आला, आणि मग नेहमीसारखं बोट तिथेच गेलं. फोनवर आमचं पातूरचं घर अजून विकायला आहे.

घर विकून पाच महिने झाले. रजिस्ट्री झाली, किल्ली गेली, दाराला दुसरा रंग लागला असेल. पण एजंटने टाकलेली जाहिरात काढायची राहून गेली आहे. त्याला एक फोन केला तर तो तासाभरात काढेल. मी करत नाही. चार फोटो आहेत. पहिल्यात निळं दार. दुसऱ्यात पुढची खोली, रिकामी, झाडलेली, होती त्याहून मोठी दिसणारी. तिसऱ्यात स्वयंपाकाचा ओटा. चौथ्यात मागचं अंगण, पाण्याचं टाकं, आणि टाक्याला लागून मोगरा. फोटो उन्हाळ्यातला असल्यामुळे मोगरा भरून आलेला. खाली लिहिलंय, 'स्वतंत्र घर, मोकळं अंगण, पाण्याची सोय, कागद स्वच्छ.' त्याखाली एजंटचा नंबर आणि त्याच्याखाली माझा. मधे कोणी काही लपवू नये म्हणून मीच हट्टाने टाकायला लावला होता.

जाहिरातीत एकही शब्द खोटा नाही. पण मला लिहायला सांगितलं असतं तर मी आधी हे लिहिलं असतं, की ही पुढची खोली कधीच कोरडी नसायची.

आमचं वावर मक्त्याचं होतं. घर तेवढं आमचं. दिवस कलला की आबा मळ्यातून भाजी घेऊन यायचे आणि मी नि माय टाक्याजवळ बसून ती धुवायचो. मेथी, पालक, चुका, शेपू. पावसाळ्यात आंबाडी आणि घोळ. हिवाळ्यात पाणी इतकं गार असायचं की जुडी बांधताना सुतळीचा पीळ बोटांना कळायचाच नाही. धुतलेल्या जुड्या पुढच्या खोलीत ओल्या पोत्यांवर मांडायच्या, वरून दुसरं ओलं पोतं. सांबाराची जागा दाराजवळ, कारण त्याला वारा लागतो. कोथिंबिरीला आम्ही सांबार म्हणतो. पुण्याकडच्या एका बाईंना मी एकदा सांबार देऊ का विचारलं तर त्या वाटी घेऊन आल्या.

खोलीच्या अर्ध्या भागात भाजी आणि अर्ध्या भागात आम्ही. झोपताना कानाशी पोत्यातून निथळणाऱ्या पाण्याचा आवाज असायचा, टप, मग खूप वेळाने पुन्हा टप. उन्हाळ्यात गावभर लोक गच्चीवर नि अंगणात तळमळायचे, आणि आमच्या घरात पाय टाकला की तळव्यांना गारवा लागायचा. शेजारच्या बाया दुपारच्या काही ना काही निमित्ताने येऊन बसायच्या. माय म्हणायची, "बसा व, आमच्या इथं भाजीले गार लागते म्हणून मानसालेबी भेटते."

मोगऱ्याला मुद्दाम कोणी पाणी घातलं नव्हतं. भाजी धुतलेलं पाणी ज्या बाजूला वाहायचं तिकडे मायने एक काडी खोचली होती. तिला रोज मेथीचं, पालकाचं पाणी मिळालं. उन्हाळ्यात संध्याकाळी तो फुलायला लागला की माय चार कळ्या माझ्या वेणीत आणि एक आबांच्या टोपीत खोचायची. आबा ती टोपी घालून बाजारात जायचे आणि दिवसभर विसरून जायचे.

बाजार म्हणजे मुख्यतः बार्शीटाकळीचा. शाळेला सुट्टी असली की मीही जायची. माय पोतं अंथरायची, त्यावर जुड्यांची उतरंड लावायची, तराजू झटकून बाजूला ठेवायची. मग आम्ही बोहनीची वाट पाहायचो. पहिलं गिऱ्हाईक येईपर्यंत माय कोणाशी बोलायची नाही, पाणीही प्यायची नाही. पहिलं माणूस आलं, त्याने कितीही कमी भाव मागितला, तरी त्याला ती रिकामं जाऊ द्यायची नाही. त्याच्या हातून आलेला पहिला पैसा ती तराजूला लावायची, मग कपाळाला लावायची, मग पोत्याच्या कोपऱ्याखाली सारायची. वरून दोन मिरच्या, सांबाराच्या चार काड्या. हे सगळं इतक्या भरकन व्हायचं की पाहणाऱ्याला दिसायचं नाही.

मी एकदा चिडले होते. पहिल्याच माणसाने मेथी अर्ध्या भावात नेली होती.

"काहून देली त्याले? थांबली असती तर पूर्ण भाव भेटला असता."

"बोहनीचं गिऱ्हाईक धाडत नाई, माय," ती म्हणाली. "कमी भेटलं तर भेटलं. दिवस तर उघडला."

मी तेव्हा सातवीत होते आणि गणितात पहिली यायची. मला ते गणित कधीच पटलं नाही.

माल विकायच्या आमच्याकडे दोन तऱ्हा होत्या. मोठा माल असला की आबा तो अकोल्याला अडत्याकडे न्यायचे. तिथे हर्रास व्हायचा. बोली लागायची, भाव चढायचा, उतरायचा, आणि अडत्या आपली अडत कापून उरलेलं हातात द्यायचा. भाव बरा यायचा, पण त्यासाठी थांबावं लागायचं, आणि कधी कधी भरलेली पोती परत आणावी लागायची. दुसरी तऱ्हा उक्त्याची. व्यापारी वावरात यायचा, बांधावरून एक नजर फिरवायचा, आणि उभा मळा एका आकड्यात मागायचा. ना वजन, ना तोड, ना हमाली. त्याच दिवशी पैसे. आबांना उक्तं आवडायचं नाही. "आपल्या हातानं तोडल्याबिगर माल आपला वाटत नाई," म्हणायचे.

मी बारावी पास झाले तेव्हा आमच्या घरात तोपर्यंत कोणी बारावी पाहिली नव्हती. अकोल्याला बी.एस्सी.ला नंबर लागला. फी, होस्टेल, पांढरा ॲप्रन, सगळं मिळून आकडा मोठा होता. प्रवेशाची शेवटची तारीख श्रावणात होती. तारखेच्या आदल्या दिवशी आबांनी पैसे माझ्या हातात दिले. मी विचारलं, कुठून आले? ते म्हणाले, "मिरची गेली. भाव चांगला भेटला." मी आनंदाने ते पैसे पुस्तकात ठेवले. त्यांच्या टोपीत तेव्हा फूल नव्हतं, पण तो मोगऱ्याचा महिनाही नव्हता.

दसऱ्याला मी सुट्टीत घरी आले. पहिल्यांदाच बाहेरून येत होते, त्यामुळे घर मला पाहुण्यासारखं दिसलं. निळ्या दाराला नुसत्या आंब्याच्या पानांचं तोरण होतं. दर वर्षी आमच्या दाराला झेंडूचा इतका जाड हार असायचा की आत जाताना वाकावं लागायचं. मी पिशवी ठेवता ठेवता म्हटलं, "माळ्याच्या घरी फुलं नाहीत? लोक काय म्हणतील?" आबा टाक्याजवळ पाय धूत होते. ते म्हणाले, "यंदा फूल कमी झालं." मी मळ्याच्या बाजूने आले होते, आणि मला वावर केशरी दिसलं होतं. पण मला मैत्रिणींना पत्रं लिहायची होती. मी पुढे विचारलं नाही.

आबा गेल्यावर मक्ता सुटला. मी तोवर अमरावतीला आले होते, शाळेत विज्ञान शिकवत होते, राजापेठेत दुसऱ्या मजल्यावर दोन खोल्या भाड्याने घेतल्या होत्या. मायला घेऊन आले. घर कुलूपबंद. दोन वर्षं आम्ही दर महिन्याला जाऊन झाडून यायचो. मग मायचे गुडघे गेले. दुसऱ्या मजल्याच्या पायऱ्या ती एक एक करून उतरायची आणि खाली येऊन म्हणायची, "आता वर जाणं उद्या." तिला तळमजल्यावर घर हवं होतं. मला ते राजापेठेतच हवं होतं, शाळेजवळ, दोन खोल्यांचं, एक तिची आणि एक माझी. तसं एक मागच्या गल्लीत होतंही. त्यासाठी पातूरचं घर विकावं लागणार होतं, आणि चांगल्या भावात.

मी शिकलेली. मी चौकशी केली. अकोल्याचा पंकज नावाचा एजंट मिळाला, चाळिशीचा, बोलायला स्वच्छ. त्याने घर पाहून सांगितलं, "वीस लाख टाकू, एकोणीसला देऊ. सहा महिने धरून चला. दोन टक्के माझे, तेही रजिस्ट्रीच्या दिवशी." मला हे पटलं. मी मायला तिच्या भाषेत समजावलं.

"हा आपला अडत्या समज. माल त्याच्याकडे ठेवाचा. तो बोली लावीन, वरचा भाव घेईन, आपली अडत कापीन. आपण उक्तं द्याचं नाई."

"न् घर सहा महिने बंद राह्यलं तं?"

"राह्यलं तं राह्यलं. घर काय सांबार हाय सुकाले?"

"सुकते व," माय म्हणाली. "तुले कॉलेजात शिकवलं नसन."

फोटो काढायचा दिवस ठरला. आम्ही सकाळच्याच बसने पातूरला गेलो. पंकजने फोनवर सांगून ठेवलं होतं की सगळं मोकळं करा, पोती उचला, खिडक्या उघड्या ठेवा. "ताई, गिऱ्हाईकाला त्याचं स्वतःचं घर दिसलं पाहिजे, तुमचं नाही." मी आत जाळी काढत होते. माय दारात, तिच्या नेहमीच्या जागी, घडी केलेलं पोतं टाकून जुन्या सुतळ्या गुंडाळत बसली होती. एवढ्यात सुधाकरभाऊ आले.

सुधाकरभाऊ पूर्वी उक्तं घ्यायचे. पंचक्रोशीतले मळे त्यांनी बांधावरून घेतले होते. आता ते घरं घेतात. ज्याला घाई आहे त्याचं घर घ्यायचं, डागडुजी करायची, रंग लावायचा, आणि ज्याला घाई नाही त्याला विकायचं. हे ते लपवत नाहीत. मी आतून पाहत होते.

"काकू, घर देऊन राहिल्या म्हणे?"

"हो बापा. पायऱ्या चढणं होत नाई आता."

"चौदा देतो. एकरकमी, सगळे बँकेतून. आठ दिवसात रजिस्ट्री. जसं हाय तसं घेतो. हे पोतेबी उचलू नका." आणि त्यांनी खिशातून पाचशेची नोट काढून पुढे केली. "हे राहू द्या. बोलणं म्हणून."

मायचा हात पुढे झाला. नोट घेतली, कपाळाला लावली, पोत्याच्या कोपऱ्याखाली सारली. भरकन. मी झाडू हातात घेऊन पाहतच राहिले.

"झालं मंग, काकू," सुधाकरभाऊ म्हणाले. त्यांनी हात जोडले आणि मोटरसायकल वळवून गेले.

मी बाहेर आले. "माय, हे काय केलं?"

ती स्वतःच्या हाताकडे पाहत होती, जसा तो दुसऱ्या कोणाचा आहे. "हात गेला व," ती म्हणाली. "पोत्यावर बसेल होती, सकाळ होती, त्यानं पैसा पुढे केला. हातच गेला."

"तू सौदा केला. त्याला वाटलं सौदा झाला."

"झालाच."

"माय, बोहनी दिवसभराच्या मालाची असते. आपल्याकडे एकच घर आहे. बोहनी झाली की दुकानच संपलं. मग दिवस कशाचा उघडणार?"

ती पुन्हा सुतळ्या गुंडाळायला लागली. तासाभराने पंकज आला. त्याने फोटो काढले, पोती उचलून मागे टाकायला लावली, दारातली जागा धुवून घेतली. माय अंगणात बसून पाहत होती. "नवरीवानी फोटो काढून राहिला," ती मला म्हणाली. "आता पाहाले येतीन, चहा पितीन, भिंती ठोकतीन, न् 'कळवतो' म्हणून जातीन. तुह्या टायमाले सात जणं 'कळवतो' म्हणूनच गेले."

"बरं झालं गेले," मी म्हटलं.

"मी कुठं वाईट म्हटलं?" आणि आम्ही दोघी हसलो. पंकजला काय झालं ते कळलं नाही. जाताना त्याने मोगऱ्याचा फोटो मुद्दाम घेतला. म्हणाला, हा विकतो घर.

जाहिरात पडली. लोक आले. पंकज दर वेळी अकोल्याहून येऊन कुलूप उघडायचा, त्याच्याबद्दल माझी काही तक्रार नाही. तिसऱ्या आठवड्यात त्याचा फोन आला. एक नोकरदार जोडपं, एकोणीस कबूल, पण बँकेचं कर्ज व्हायचं होतं, चार महिने लागणार, जास्तही लागतील. मी म्हटलं, चालेल. फोन ठेवला आणि मनात मागच्या गल्लीतल्या त्या दोन खोल्यांना पडदे लावले.

त्याच संध्याकाळी सुधाकरभाऊंचा फोन. "ताई, आठ दिवस म्हटलं होतं. वीस झाले. भांडून नाई राहिलो, आठवण देऊन राहिलो."

मी मायकडे नोट मागितली. म्हटलं, मी रविवारी जाऊन परत करते, तोंडावर सांगते, फोनवर नाही. ती नोट इतके दिवस तिच्या पदराच्या गाठीत होती. तिने गाठ सोडली, नोट गुडघ्यावर ठेवून तळहाताने सपाट केली आणि मला दिली.

"ने. तू शिकेल हायस, तुले बराबर वाटते ते कर. पण एक आयकून जाय. तुह्या कॉलेजचे पयले पैसे कुठून आले, ठाऊक हाय?"

"मिरचीचे. भाव चांगला भेटला होता."

"मिरची त्या साली मेली होती. झेंडू होता. गुडघ्याएवढा. कळी धराची होती अजून. तुह्या आबानं उक्ता देला, ह्याच सुधाकरले. श्रावणात. दसऱ्यापर्यंत थांबले असते तं तिप्पट आले असते. त्याहिले काय समजत नव्हतं? पण कॉलेजवाले थांबले असते का दसऱ्यालोक?"

खाली रस्त्यावर क्लास सुटला होता. पोरांचा गलका जिन्यातून वर येत होता. मला दारावरची नुसती आंब्याची पानं दिसली. केशरी वावर दिसलं. टाक्याजवळ पाय धुणारे आबा दिसले, आणि त्यांना लोकांची लाज सांगणारी, अकोल्याहून आलेली मी.

"मग तोरणापुरती चार फुलं तरी..." मी म्हटलं.

"मी म्हटलं होतं. म्हणे, विकलेल्या वावरातलं फूल तोडू नाई."

रविवारी मी पातूरला गेले. बसमध्ये नोट पर्समध्ये होती, आणि मी काय बोलायचं ते ठरवलेलं होतं, आणि ते सारखं बदलत होतं. सुधाकरभाऊ अंगणात खाटेवर बसले होते. मी नोट पुढे केली. त्यांनी ती घेतली नाही आणि नाकारलीही नाही.

"तुमची मर्जी, ताई. काकूचा हात गेला हे मले बी दिसलं होतं. त्याच्यावर मी कोर्टात थोडीच जाणार हाय."

मी त्यांना झेंडूचं विचारलं. त्या साली फूल कसं गेलं?

"लय चांगलं गेलं," ते म्हणाले. "खोटं कायले बोलू. पयला टेम्पो त्याच झेंडूवर घेतला. दसऱ्याच्या सकाळी मी टोपलीभर फूल तुमच्या दारात ठेवून आलो होतो. तुमचे आबा घंट्याभरात परत घेऊन आले. म्हणे, आपल्या बोलण्यात हे नव्हतं."

तो माणूस माझ्या बापाच्या घाईवर मोठा झाला, हे खरं. त्याच्या रोख पैशावर मी मोठी झाले, हेही तितकंच खरं. ही दोन्ही वाक्यं मी तिथे उभी राहून मनात जवळजवळ ठेवून पाहिली. त्यांची वजाबाकी होत नव्हती.

मी नोट पर्समध्ये परत ठेवली. "घर तुमचं," मी म्हटलं.

त्यांनी मान हलवली. मग म्हणाले, "साडेचौदा करतो. अर्धा त्या फुलाचा."

"फुलांचा भाव तेव्हाच ठरला होता, भाऊ. घराचं बोला."

ते हसले. "बापावर गेल्या तुमी. बरं, साडेचौदा घराचे."

पंकजला मी स्वतः फोन केला. तो रागावला नाही, पण त्याला वाईट वाटलं. "ताई, चार महिने फक्त. तुम्ही तर शिकलेल्या आहात." मी म्हटलं, हो. दुसरं काय म्हणणार होते? हिशेबाने पाहिलं तर मी चुकले, आणि मागच्या गल्लीतल्या दोन खोल्या गेल्या, हे मला कोणी समजावून सांगायची गरज नाही. घेतली ती बडनेरा रोडवर एक खोली नि स्वयंपाकघर. तळमजला मात्र आहे, आणि दारासमोर चार हात माती.

रजिस्ट्री झाल्यावर किल्ली द्यायला आम्ही तिघं घरी गेलो. ऊन उतरलं होतं. पुढची खोली कोरडी ठणठणीत होती, पाय टाकला तर तळव्यांना काहीच लागलं नाही. माय आत गेली नाही. तिने किल्ली सुधाकरभाऊंच्या हातात ठेवली, आणि वरून दोन हिरव्या मिरच्या नि सांबाराच्या चार काड्या. राजापेठेतून विकत घेऊन, ओल्या फडक्यात गुंडाळून आणल्या होत्या. सुधाकरभाऊंनी त्या किल्लीसकट कपाळाला लावल्या. मग ती त्यांना सांगत राहिली, की टाक्याला उन्हाळ्यात पाणी कमी येते, तवा पहाटेचं भरून ठेवा, आणि मागच्या कौलातून एक जागा गळते, ती दिसत नाही, पण गळते.

मी अंगणात गेले. मोगरा फुलत होता. पाणी मिळालं नव्हतं म्हणून पानं तांबूस झाली होती, पण तो फुलतच होता. माझा हात गेला. कळी बोटांत आली, गार, घट्ट, देठाशी ओली. वेणीपुरत्या चार.

"तोडा ना, ताई," मागून सुधाकरभाऊ म्हणाले. "तुमचाच हाय तो."

"नाही भाऊ," मी म्हटलं. "विकला." आणि हात मागे घेतला. बोटांना तेवढा वास राहिला. बसमध्ये मायने माझा हात आपल्या हातात घेतला, नाकाशी नेला आणि पुन्हा माझ्या मांडीवर ठेवला.

आज शाळेतून येताना राजापेठेतल्या त्याच ढिगावरून दोन किलो झेंडू आणला. दारासमोरच्या चार हात मातीत मायने सांबार पेरलाय, तो बोटभर वर आलाय. ती उंबऱ्यावर पोतं टाकून तोरण ओवतेय. एक फूल, एक आंब्याचं पान, एक फूल. हार एवढा जाड होत चाललाय की आमच्या ह्या बुटक्या दारातून मला वाकून जावं लागेल. मी तिला फोनमधला चौथा फोटो दाखवला. तिने फोन लांब धरून पाहिला. "पाणी द्याले पायजे होतं," एवढंच म्हणाली.

तिच्या हातात असतानाच तो वाजला. अनोळखी नंबर. बाळापूरकडचा कोणी होता.

"ताई, पातूरचं घर पाह्यलं फोनवर. देणं हाय का अजून?"

"नाही भाऊ. गेलं ते."

"अरे. कितीत गेलं?"

माय सुई धरून माझ्याकडे पाहत होती. तिच्या बोटांना झेंडूचा रंग लागला होता.

"भाव चांगला भेटला," मी म्हटलं.

मायने मान खाली घातली आणि सुईत पुढचं फूल घातलं.